तफावत

जानेवारीत आमच्या ग्वाल्हेरला धुकं वरून उतरत नाही,
जमिनीतून निघतं.
आधी चपला दिसेनाशा होतात, मग माणसं.

त्या आठवड्यात आम्ही तिघं रोज रात्री
दौलतगंजात, चौरसियाच्या झेरॉक्सच्या दुकानात,
शटर अर्धं ओढून.
भदौरिया, ज्याच्या पेपरात सरकार कधी चुकत नाही.
तहसीन, जिच्या चॅनेलवर सरकार कधीच बरोबर नसतं.
आणि मी, लघाटे, अठ्ठावीस वर्षं सिटी डेस्कवर,
आमच्या मालकांचं मत निकालानंतर ठरतं.
मशीन गरम व्हायचं. तिघांचे हात त्याच्यावर.

रैनबसेऱ्यांसाठी ब्लँकेटं, अकरा हजार दोनशे.
बिल असं सांगत होतं.
नऊ रैनबसेरे आम्ही पायी फिरून मोजले:
दोन हजार तीनशे सोळा.
त्यात दोन अशी, की त्यांच्यातून पलीकडचा बल्ब दिसत होता.
मोजायची की नाही यावर अर्धा तास गेला.
मोजली.

नियम भदौरियानं काढला, मला वाटलं होतं तहसीन काढेल.
ज्याच्या बाजूला लागणार,
ते पान त्यानंच तपासायचं.
म्हणून ठेकेदाराच्या मेहुण्याचे कागद त्याच्याकडे गेले,
तो ते वाचताना दर पानाला चष्मा पुसत होता.
मला आमच्याच जाहिरात खात्याची पावती आली.
ठेकेदाराचं दिवाळीचं पूर्ण पान, रंगीत.
मी ती दोनदा उलटून पाहिली,
मागे काहीतरी असेल म्हणून.

माझ्या बातमीत एक वाक्य होतं,
"क्षयरोग वॉर्डात एकही ब्लँकेट पोचलं नाही."
सगळ्यात चांगलं वाक्य. मला तेव्हाही माहीत होतं.
तहसीन गेली वॉर्डात, तोंडाला ओढणी बांधून,
आणि परत येऊन स्टुलावर बसली ती बोलेचना.
मग म्हणाली, "सहाशे चाळीस. शिक्क्यासकट.
काटो दीदी, ये लाइन काटो."
घोटाळा तेवढ्यानं लहान झाला
आणि तो तिनंच केला.
मी वाक्य काढलं. आजही अधूनमधून आठवतं, दात पडल्यासारखं.

शब्दावर मात्र भांडलो.
त्याला "अनियमितता" हवं होतं, तिला "लूट".
मी म्हटलं, आमच्याकडे एक शब्द आहे, तफावत.
"ये किस पार्टी का है?" तहसीननं विचारलं.
"वाण्याच्या वहीचा," मी म्हटलं.
चौरसिया पहिल्यांदा हसला.

मथळे ज्याचे त्यानं लावले शेवटी.
भदौरियाचा नवव्या पानावर, गजकच्या जाहिरातीखाली.
तहसीनचा लाल पट्टीत, मागे ढोल.
माझा मधेच कुठेतरी, आमच्या मालकांसारखा.
पण आकडा तिन्हीकडे तोच:
आठ हजार दोनशे चव्वेचाळीस.
मंगळवारी, एकाच सकाळी.

दुपारी एका वाचकाचा फोन.
"तिघांचा आकडा एकच कसा हो, बाई?
म्हणजे लिहून देणारा एकच असणार."
मी उत्तर जुळवत होते, त्यांनी ठेवून दिला.
घरी दिरांनी विचारलं, "त्यांच्याबरोबर बसता?"
त्यांच्या, म्हणजे दोघांपैकी कुणाच्या,
ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

चौकशी समिती बसली आहे.
भिजत घोंगडं, मी म्हणाले,
आणि त्या दोघांना समजावताना लक्षात आलं
की या म्हणीत निदान घोंगडं तरी आहे.

चौरसियाचा हिशोब: दोनशे शहाऐंशी रुपये.
तिघांत वाटला, पंच्याण्णव पंच्याण्णव,
एक रुपया उरला. कुणी द्यायचा यावर
तिघंही खिशात हात घालून उभे.

आणि मुरारच्या रैनबसेऱ्यातला तो म्हातारा,
बिरलानगरच्या गिरणीतला, सुताचा माणूस,
मी पोत बघायला हात पुढे केला
तर त्यानं ब्लँकेट छातीशी ओढलं.
"घ्यायला नाही बाबा, मोजायला आलोय," मी म्हटलं.
त्यानं मला नीट पाहिलं,
मग भदौरियाला, मग तहसीनला,
आणि घडी आणखी घट्ट धरली.